झिणझिणी विरुद्ध मौनासुर

माझ्या पहिल्या कॉमिक्समधला खलनायक म्हणजे माझे वडील. हे मी तेव्हाही नाकारलं नव्हतं आणि आजही नाकारत नाही. लोक फार हळुवारपणे विचारतात, "त्या मौनासुरात कुठंतरी वडिलांची छटा आहे का हो?" छटा कसली, अख्खे वडील आहेत. तीच मिशी, तोच निळा बॉयलर सूट, कानांत तेच कापसाचे बोळे आणि कपाळावर तीच आठी. मला तो माणूस कागदावर इतका साधला होता की कुणी ओळखला नसता तर मलाच राग आला असता.

आम्ही बजाजनगरात राहायचो. दोन खोल्या, भिंतीला भिंत लावून शेजारी. आबा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर कामाला होते. मूळचे फुलंब्रीकडचे, घराणं मेंढरांमागं फिरणारं. त्यांनी मेंढरं सोडली आणि कंपनी धरली. प्रेस शॉपमध्ये काय चालतं ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पत्रा आत सरकवायचा, वरून लोखंड आदळतं, खाली एक पार्ट पडतो, की लगेच पुढचा पत्रा. अशा मशिनी ओळीनं आणि सगळ्या एकदम चालू. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. तिथून सुटलेल्या माणसाला घरी आल्यावर एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे शांतता.

आणि शांतता मागायचा आबांचा एकच शब्द होता, "आवाज!"

आमच्या घरात 'आवाज' म्हणजे 'आवाज बंद'. त्यातलं 'बंद' कधीच झिजून गेलं होतं. मी पाटीवर पेन्सिल जोरात ओढली की "आवाज!" आईच्या हातून उलथनं निसटलं की "आवाज!" गंमत अशी की ज्याचे कान निम्मे गेलेत त्याला स्वतःचा आवाज किती चढलाय ते कळत नाही. त्यामुळं आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे ही 'आवाज!'चीच आरोळी. ती ऐकून शेजारचं बाळ दचकून उठायचं, भोकाड पसरायचं, आणि मग त्या भोकाडावर आबा पुन्हा "आवाज!" म्हणून ओरडायचे. मला हे फार लहानपणीच हास्यास्पद वाटलं होतं, पण हसायलाही आवाज होतो, म्हणून मी ते साठवून ठेवलं.

त्यांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे. मग आई कुकर बाजूला ठेवून उघड्या पातेल्यात डाळ शिजवायची, बांगड्या कोपराकडं सरकवून भांडी घासायची. मला खेळायला बाहेर जायचं नसेल तर एकच खेळ शिल्लक होता. आबा कंपनीतून पॅकिंगचा खाकी कागद आणायचे, त्यावर मी चित्रं काढायची. चित्राला आवाज नसतो. माणसं भांडतायत, बैल उधळलाय, ट्रक उलटलाय, सगळं कागदावर, आणि घरात कुठं खुट्ट नाही. म्हणजे मला चित्रकार केलं ते आबांनीच. त्यांचा तसा इरादा नव्हता, तो भाग निराळा. पण मी ही गोष्ट सांगते तेव्हा छाती पुढं काढून सांगते.

पुढं शहरातल्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तिथं माझी एका मुलीशी गट्टी जमली. ती पुंडलिकनगरची. तिच्या मामेभावानं नोकरीवर परदेशी जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार तिच्याकडं टाकून दिली होती, आणि हिनं ती कॅसेटी ऐकून ऐकून शिकून घेतली होती. आमच्याच वर्गातली दोन मुलं ड्रम आणि बेस वाजवायची. त्यांची तालीम तिच्या घराच्या गच्चीवर चालायची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं ॲम्प्लिफायर लावला, तारेवर हात मारला, आणि तो आवाज माझ्या दातांत घुसला. आयुष्यभर कुजबुजत जेवलेली मुलगी मी. मला वाटलं, आता खालून कुणीतरी "आवाज!" म्हणणार. कुणी म्हणालं नाही. तिची आई पोह्यांच्या बशा घेऊन वर आली आणि म्हणाली, "अजून एकदा वाजवा, मघाशी मी खाली होते."

हा दणका मला अगदीच अनोळखी नव्हता. खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी लहान असताना आबांनी आपल्या हार घातलेल्या प्रेसवर आम्हाला दाखवायला म्हणून चार-दोन ठोके मारले होते. बाकीची पोरं रडली. मी टाळ्या वाजवल्या होत्या. गच्चीवर ड्रम आणि बेस एकदम सुरू झाले तेव्हा मला तीच प्रेस आठवली.

बँडमध्ये माझं काम काय? वायरी गुंडाळणं, पोस्टर रंगवणं आणि मधूनमधून खुळखुळा हलवणं. पण गॅदरिंगला मोठा कार्यक्रम करायचं ठरलं आणि मैत्रीण म्हणाली, "आम्ही वाजवणार, तू मागं चित्रं दाखवणार. स्टेजवर सगळ्यांसमोर." मी हरखून गेले आणि त्याच हरखलेपणात जेवताना घरी बोलून बसले.

"कसलं गाणं म्हणायचं ते?" आबांनी विचारलं.

"रॉक."

"रॉकेल?"

"रॉक, आबा. रॉक."

"रॉकेल कशाला पायजे आता? गॅस हाय की."

आईनं पदर तोंडाला लावला. मी जोरात सांगितलं, इतक्या जोरात की शेजाऱ्यांनाही कळलं. आबांना कळलं तेव्हा त्यांनी भाकरी ताटात ठेवली. ते म्हणाले, "पोरी, ड्रॉइंग मास्तरीण हो. शाळंत लाग. इज्जतीचं काम हाय. आपल्यातली कुणी पोर आजपस्तोर स्टेजवर चढली नाय."

"मग मी चढते की पहिली."

"आन् तिथं वरडणार?"

"मी ओरडणार नाही. चित्रं काढणार."

"त्या दणदणाटात कोण चित्रं बघतंय? स्टेजवर गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

"पण आबा..."

"आवाज!"

झालं, संपला विषय. तेवढ्या एका शब्दानं आमच्या घरात कितीतरी विषय संपले होते. पण राग नाकावर ठेवायचा गुण मला त्यांच्याकडूनच आलाय. दिवाळीची सुट्टी लागली, मी खिडकीशी बसले आणि कॉमिक्स काढायला घेतलं.

नायिकेचं नाव झिणझिणी. बजाजनगरात राहणारी साधी कॉलेजची मुलगी. भाड्याच्या खोलीला अर्थिंग नाही, फ्रिजला करंट येतो, आई पायांत चप्पल घालून फ्रिज उघडते. हे सगळं आमच्याच घरचं. एक दिवस ही मुलगी ओल्या हातानं गिटारची पिन तसल्या बोर्डात खुपसते, तिला जबरदस्त झटका बसतो आणि तिच्या बोटांत शक्ती येते. तिची तार ज्याच्यापर्यंत पोचेल त्याच्या अंगातून झिणझिण्या जातात आणि त्याच्या घशात अडकलेला शब्द बाहेर पडतो. मुनीमजी शेटला खरं सांगून टाकतो, सून सासूला. तिला उडता येत नाही, कारण बजाजनगरात वर बघावं तिकडं वायरी. ती कंपनीच्या बसच्या टपावर उभी राहून जाते. आणि तिच्या पाठीवर सुपरहिरोची ती झगझगीत झूल नाही. तिच्या अंगावर घोंगड्याची खोळ आहे, आमचे आजोबा पावसात मेंढरांमागं डोक्यावरून घ्यायचे तशी, एक कोपरा दुमडून. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सुपरहिरोकडं घोंगडं नाही. हे मी तेव्हा मैत्रिणीला ऐटीत सांगितलं होतं आणि आजही त्याच ऐटीत सांगते.

आणि मौनासुर. त्याच्याकडं ना तलवार ना किरण. त्याचं शस्त्र म्हणजे त्याचा बोलण्याचा फुगा. कॉमिक्समध्ये माणसाच्या तोंडातून जो फुगा निघतो, त्यात शब्द लिहितात, तोच. मौनासुर "आवाज!" म्हणतो आणि त्याचा फुगा सुजत सुजत अख्खी चौकट व्यापतो. बाकीच्यांचे फुगे चिरडून चौकटीबाहेर जातात. ती अक्षरं मी जाड ब्रशनं विटा रचाव्यात तशी रचली होती. पहिल्याच पानावर हे होतं. बाजार भरलाय, शेकडो माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी आणि सगळ्यांचे फुगे रिकामे. ते पान काढून झालं तेव्हा मी ते हातभर लांब धरून बघितलं आणि मला कळलं की आपण चांगलं काम केलंय. असं कळणं आयुष्यात फार वेळा होत नाही.

शेवटचं पान मात्र सुचेना.

ते शेवटाविनाच मी पैठण गेटजवळ झेरॉक्स करून आणलं, मागं 'शेवट गॅदरिंगला' असं छापलं आणि स्टेपल मारून कॉलेजात विकलं. हातोहात खपलं. पण बजाजनगरात कुठलीही गोष्ट कंपनीच्या बसनं फिरते. कुणाचा भाऊ, कुणाचा दीर, करत करत एक प्रत कँटीनमध्ये पोचली. तिथल्यांना मौनासुर ओळखायला वेळ लागला नाही. मिशीवरून नाही, त्या आरोळीवरून; कँटीनमध्ये ताटं वाजली तरी आबा तीच ठोकायचे. दुपारच्या जेवणाला आबा डबा घेऊन आत शिरले आणि चारी बाजूंनी लोक ओरडले, "आवाज!"

त्या दिवशी आबा घरी आले, डब्याच्या पिशवीतून कॉमिक्स काढलं, टीव्हीवर ठेवलं, हातपाय धुतले, जेवले आणि झोपले. मी भांडणाची पूर्ण तयारी करून बसले होते. मुद्दे पाठ केले होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही.

आणि घरातून तो शब्दही गेला. आईच्या हातून झाकण पडलं, काही नाही. शेजारचं बाळ रडलं, काही नाही. एकदा ते दिवसा झोपलेले असताना आई गडबडीत विसरून कुकर लावून बसली. शिट्टी झाली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिलो. दुसरी झाली, तिसरी झाली. आतल्या खोलीतून काही आलं नाही, आणि ते जागे आहेत हे आम्हाला त्यांच्या खाटेच्या करकरीवरून कळत होतं.

"वरडलं असतं तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "तुझ्या त्या झिणझिणीनं माझं घर मुकं केलं."

"मी खोटं काय काढलंय?"

"खोटं काढलं म्हणून कोण म्हणायलंय तुला?" तिनं गॅस बंद केला आणि खाली बसली. "ह्यांच्यात कसं असतंय तुला ठावं नाय. ह्यांनी मेंढरं सोडून कंपनी धरली तवा तुझ्या आज्यानं बोलणं टाकलं. हे निघतानी नुसतं म्हणला, माळावर तुझा आवाज पार खालच्या वाडीपस्तोर जायचा, आता त्यो कंपनीला इकून टाक. आन् टाकलं ते टाकलंच. मरंस्तवर बोलला नाय. हे खाटंपाशी बसायचे, त्यो भिताडाकडं तोंड करायचा."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांची मला आठवण होती ती घोंगड्याची आणि त्यांच्या हातच्या हुरड्याची. मी टीव्हीवरच्या कॉमिक्सकडं बघितलं. म्हणजे हे आबांचं रुसणं नव्हतं. आमच्या घराण्यात बोलणं बंद झालं की ते पुन्हा सुरू होत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

तरी मी जाणार होते. तेही तितकंच खरं. आजोबांचं ऐकून आबा माळावर राहिले असते तर मी कुठं असते? मी त्यांचीच मुलगी होते आणि त्यांनी केलं तेच करत होते. गॅदरिंगच्या आधी मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. ते पाळीला निघायच्या तयारीत खाटेवर बसून कापसाचे बोळे वळत होते.

"आबा, शनिवारी गॅदरिंग आहे. मी स्टेजवर जाणार आहे. तुम्ही या."

त्यांनी एक बोळा या कानात घातला, दुसरा त्या कानात घातला, पिशवी उचलली आणि माझ्या बाजूनं निघून गेले.

शेवटचं पान अजून कोरंच होतं. मैत्रीण म्हणायची, झिणझिणी मौनासुराला हरवते, फोडते, उडवते, काढ काहीतरी, लोकांना तेच आवडतं. मी चारदा काढलं आणि चारदा फाडलं. मौनासुराला मारलं तर घरी ताटावर कोण बसणार? मग असं ठरलं की शेवटचं पान मी स्टेजवर, वाजवणं चालू असतानाच काढायचं. कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. त्याच्या काचेवर पारदर्शक कागद ठेवला की खालच्या दिव्यानं चित्र मागच्या पडद्यावर मोठं होऊन पडायचं. बाकीची पानं मी तशा कागदांवर उतरवून घेतली. शेवटचा कागद नुसता कोरा ठेवला आणि देवाचं नाव घेतलं.

शनिवारी संध्याकाळी मैदान भरलं होतं. पुढच्या रांगेत सोफ्यावर पाहुणे, त्यांच्यामागं प्राध्यापक, मग कॉलेजची पोरं, आणि पार मागं सायकल स्टँडपर्यंत उभी राहिलेली माणसं. आई एका बाजूला बायकांत बसली होती. आबांची पाळी दुपारची होती, म्हणजे त्या वेळी ते कंपनीत. गर्दीत त्यांना शोधायचंही मी सोडून दिलं होतं.

सुरुवात झकास झाली. बाजाराचं पान पडद्यावर आलं, मौनासुराचा फुगा सुजला, ड्रमचा ठोका पडला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. झिणझिणी बसच्या टपावर उभी राहिली तेव्हा तर मैदान डोक्यावर घेतलं. पण पुढच्या सोफ्यावरच्या पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. एक प्राध्यापक लगबगीनं उठून साउंडवाल्याकडं गेले. तो शहागंजचा होता. त्यांनी हातानं 'खाली, खाली' अशी खूण केली आणि त्या बिचाऱ्यानं बटणं इतकी खाली आणली की गिटार कुणीतरी लांबच्या घरात वाजवतंय असं वाटायला लागलं. मैत्रिणीचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द मात्र येत नव्हते. माझ्या पहिल्या पानावर होतं अगदी तसं. मागचे लोक आपसांत बोलायला लागले. काही जण उठले. मी शेवटचा कोरा कागद काचेवर ठेवला, मार्कर टेकवला, आणि काय काढायचं ते मला कळेना.

तेवढ्यात सायकल स्टँडकडून आलं, "आवाऽऽज!"

साऱ्या शहरात तो आवाज एकाच माणसाचा होता. मी हात उचललाच नाही. मार्करची शाई पसरत गेली आणि मागच्या पडद्यावर भाकरीएवढा काळा डाग पडला. मैत्रीण वाजवायची थांबली. ड्रमवाला थांबला. अख्खं मैदान चिडीचूप झालं. ते मला न्यायला आलेत, मला वाटलं. सगळ्यांसमोर आता हाताला धरून खाली उतरवणार. मी मार्करचं टोपण लावलंसुद्धा.

"ए माइकवाल्या! झोपलास का? आवाज वाढीव! मागं कायबी ऐकू येईना गेलंय! पोरगी तिथं काय मुकी उभी केलीय व्हय?"

आणि त्यांच्याभोवतीचे सगळे निळे बॉयलर सूट एकदम ओरडले, "आवाज! आवाज!" प्रेस शॉपची माणसं ती, मशिनीवरून बोलायची सवय असलेली. त्यांच्यापुढं माइकची काय गरज? पोरांनी ते उचललं. आमच्याकडं पडद्यावरच्या सिनेमाचा आवाज गेला की टॉकीजमध्ये लोक हेच ओरडतात. म्हणजे तो शब्द मला दोन्हीकडून ठाऊक होता. घरात त्याचा अर्थ गप बसा, आणि टॉकीजमध्ये त्याचा अर्थ मोठ्यानं बोला, आम्हाला ऐकायचंय. इतकी वर्षं हा शब्द ऐकत वाढले, पण आबांच्या तोंडून तो या अर्थानं येऊ शकतो असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

प्राध्यापक अजून हातानं 'खाली, खाली' करत होते. साउंडवाल्यानं त्यांच्यापुढं हात जोडले. "मैं क्या करूँ सर, इत्ते लोगां बोल रए." आणि त्यानं सगळी बटणं वर ढकलली.

गिटार आली ती थेट छातीत. मी डाग पडलेला कागद फेकून दिला. नवं काही काढायची गरजच नव्हती. सगळ्यात खालचा, पहिल्या पानाचा कागद शोधला. त्यातून मौनासुर आणि त्याचा फुगा तेवढा कात्रीनं कापून घेतला, वायरींसाठी कात्री जवळच असायची, आणि तो झिणझिणीच्या पानावर ठेवला. तीच मिशी, तीच आठी, विटांची तीच अक्षरं, "आवाज!" एक रेघसुद्धा बदलली नाही. फक्त आता त्याच्यासमोर ती गिटार घेऊन उभी होती आणि तो तिला सांगत होता. पडद्यावर चित्र पडलं, आणि सायकल स्टँडकडून जी शिट्टी आली ती कुठल्याही कुकरला जमली नसती.

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी तशाच टाकून मागं पळाले. आबा एका सायकलीला टेकून उभे होते. कापसाचे दोन्ही बोळे त्यांच्या मुठीत होते.

"लई बारीक लावलं व्हतं," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"मला कुठं काय ऐकू येतंय आता. पर बाकीच्यांला तर आलं पायजे ना."

मला रडू फुटलं. त्यांच्या शेजारचा एक जण हसत म्हणाला, "ताई, पयल्या दिशी आमी चिडवलं तवा ह्ये गप व्हते. दुसऱ्या दिशी ते पुस्तक घरून परत आणलं, कँटीनमंदी टेबलावर आपटलं आन् म्हणले, व्हय, म्याच हाय मौनासुर, माझ्या पोरीनं काढलाय, तुमच्यापैकी कुणाचं चित्र काढलंय कुणी? आन् आज पाळी बदलून समद्यांला घेऊन आले."

म्हणजे सगळ्या कंपनीला सांगून झालं होतं, फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. आबा दुसरीकडं बघत होते. मग सायकलीची घंटी उगाच एकदा वाजवून म्हणाले, "आज्याची खोळ बरुबर काढलीस. त्यानं बघाया पायजे व्हती."

आईचं म्हणणं आजही वेगळं आहे. ती म्हणते, "कसली माया न् कसलं काय, ह्यांना खरंच ऐकू येत नव्हतं म्हणून वरडले." म्हणू दे. मी त्या स्टेजवर होते, ती नव्हती.

मी ड्रॉइंग मास्तरीण झाले नाही. झिणझिणीची पुढं बरीच पुस्तकं निघाली आणि मौनासुर त्या प्रत्येकात आहे, कारण वाचक त्याच्याशिवाय ऐकत नाहीत. पुस्तकाचा काही कार्यक्रम असला की आबा येतात. पुढच्या रांगेत त्यांची खुर्ची राखून ठेवतात, पण ते तिथं बसत नाहीत. कानाचं मशीन खिशात टाकून पार शेवटच्या रांगेत जाऊन बसतात. मागं ऐकू गेलं म्हणजे समद्यांला गेलं, असा त्यांचा हिशेब. संयोजक दरवेळी माझ्या कानाशी येऊन सांगतात, माइक उत्तम आहे, फक्त जरा जवळून बोला.

मी मान डोलावते, माइकपासून थोडी मागं सरते आणि शेवटच्या रांगेकडं बघत पहिलं वाक्य मुद्दाम हळू बोलते.